दार लागण्याआधी

खाऊ घालणे हाच जिचा स्वभाव, अशी एक बाई एकदा पोट भरण्यासाठी मोठ्या शहरात आली.

तिचे नाव वैजयंता. तालुक्याच्या गावी, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. नवरा अकाली गेला, पदरात लहान मुलगी. तेव्हा घराच्या पुढच्या खोल्यांत बाकडी टाकून तिने परगावच्या मुलांना जेवू घालायला सुरुवात केली. मुले तिला मावशी म्हणत. भाकऱ्या थापायला तिने एक बाई ठेवली होती. भाजी-आमटी मात्र ती स्वतः करी, आणि ती झाली की हातात भांडे घेऊन जेवणाऱ्यांच्या पुढे उभी राही. तीच तिची खरी जागा. कोण आज नुसताच भात चिवडतो आहे, कोणाला परीक्षेची धास्ती बसली आहे, कोणाचा घरी फोनवर वाद झाला आहे, हे तिला तोंडाकडे पाहून कळे. एखाद्याने पहिला घास घेतला आणि क्षणभर बोलणे थांबवले, की तिला आपले सकाळपासूनचे कष्ट पावल्यासारखे वाटत.

पुढे महाविद्यालय गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेले. वसतिगृह तिथेच, भोजनगृहही तिथेच. गल्ली ओस पडली. काही महिने वैजयंताने रिकाम्या बाकड्यांपुढे चूल पेटती ठेवली. अखेर ती बाकडी विकून टाकली. मुलगी केतकी शहरात परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिला वसतिगृहातून काढून आपल्याजवळ ठेवता येईल आणि आपल्यालाही काही काम मिळेल, अशा विचाराने वैजयंताने शहराच्या कडेला एक खोली भाड्याने घेतली.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरात तिने विचारून पाहिले. एकाने वय विचारले, दुसऱ्याने चिनी पदार्थ येतात का म्हणून विचारले. शेवटी केतकीनेच मार्ग काढला. वैजयंता बाजारातून भाजीची पोती आणायला स्कूटर चालवत असे, ती स्कूटर होतीच. केतकीने आईच्या मोबाइलवर घरपोच जेवण देणाऱ्या एका कंपनीचे ॲप घेतले, कागदपत्रे भरली, आणि काही दिवसांत अंगापेक्षा मोठा टी-शर्ट आणि पाठीवर घ्यायची चौकोनी पिशवी घरी आली.

"आई, यात अवघड काही नाही," केतकी म्हणाली. "हॉटेलातून पार्सल घ्यायचं आणि माणसाच्या दारात नेऊन द्यायचं. रस्ता मोबाइल सांगतो."

वैजयंता हसली. "अन्न न्यायचं आणि माणसाला द्यायचं. म्हणजे माझंच काम की."

तिला तसे मनापासून वाटले होते. पहिले काही दिवस रस्त्यांनी तिची परीक्षा पाहिली. मोबाइल उजवीकडे वळा म्हणे तिथे भिंत असे. एकाच नावाच्या दोन सोसायट्या निघत. वॉचमन मागच्या फाटकाकडे पाठवी आणि मागचे फाटक बंद असे. ते सारे ती शिकली. एका उड्डाणपुलाखाली पार्सल पोहोचवणारी माणसे सावलीत थांबत, ऑर्डरची वाट पाहत. तिथेच तिलाही जागा मिळाली. त्या घोळक्यात एक वृद्ध होता. पांढरी दाढी, सडपातळ अंग, जुनी पण लखलखीत पुसलेली मोटारसायकल. त्याचे नाव बाबालाल. पण सगळे त्याला मास्तर म्हणत. वैजयंताला वाटले, शाळामास्तर असावेत. एकदा तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "शाळेचा नाही ताई, बँडाचा. लग्नात वाजवायचो. क्लॅरिनेट. आता लोकांना डीजे लागतो."

मास्तरांचे वागणे सरळ होते. नव्या माणसाला ते न विचारता मदत करीत, विचारल्यावर मोजके बोलत. वैजयंताने एकदा त्यांना म्हटले, "मास्तर, मला दारात द्यायचं कसं ते नीट दाखवा. माझा वेळ कुठं जातो तेच कळत नाही."

ते तिला आपल्या एका ऑर्डरसाठी बरोबर घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराशी त्यांनी पिशवीतून पार्सल काढले, तळाशी हात लावून गरम आहे याची खात्री केली, मग घंटा वाजवली. दार उघडले. मास्तरांनी दोन्ही हातांनी पार्सल पुढे केले, आतल्या माणसाकडे पाहून म्हणाले, "सावकाश जेवा," आणि वळले. दार अजून उघडेच होते. आतला माणूस काही बोलण्यासाठी तोंड उघडीत होता. तोवर मास्तर जिन्याच्या चार पायऱ्या उतरलेही होते.

वैजयंताला हे मुळीच आवडले नाही. तिच्या मनात आले, हा माणूस चांगला असेल, पण याला खाणाऱ्याची पर्वा नाही. देऊन टाकायचे आणि पाठ फिरवायची, ही कसली रीत? आपल्या खानावळीत कोणी असे वाढले असते तर त्याला तिने दुसऱ्या दिवशी दारात उभे केले नसते.

तिने आपलीच रीत चालू ठेवली. पार्सल देई आणि उभी राही. "वरचा डबा आधी उघडा, खाली रस्सा आहे," असे सांगे. "पोळ्या गार व्हायच्या आत खा," म्हणे. आणि मग उगाच क्षणभर थांबे. कशासाठी, ते तिलाही सांगता आले नसते. काही माणसे हसून बरे म्हणत. एक आजीबाई तर तिला पाणी प्यायला आत बोलावीत. पण बहुतेक दारे अशी, की एक हात बाहेर येई, पार्सल घेई आणि दार लागे. हातावर घड्याळ असे, बांगडी असे, कधी मेंदी असे, तोंड नसे. ज्यांचे तोंड दिसे त्यांच्याही कानाला मोबाइल असे. दार लागल्याचा आवाज वैजयंताच्या छातीत होई. जिना उतरताना ती स्वतःशी पुटपुटे, "एक शब्द? एक शब्दही जड झाला?"

दिवस जात तसतशी ती पुटपुट वाढली. ती उड्डाणपुलाखाली येई तेव्हा कुठल्या इमारतीतला कोण कसा वागला हे सांगे. बाकीचे हसत, आपापले अनुभव सांगत, आणि विसरून जात. वैजयंता विसरत नसे. रात्री केतकीजवळही तेच. केतकी दमून आलेली असे. ती म्हणे, "आई, तू नुसतं देऊन ये ना." त्यावर वैजयंता चिडे. "नुसतं द्यायला मी काय नळ आहे?"

एका उंच इमारतीत एक तरुण राहत असे. तिच्या खानावळीतल्या मुलांहून थोडासाच मोठा. वैजयंताकडे त्याची ऑर्डर वरचेवर येई, आणि दर वेळी तोच तेलकट, तिखट नूडल्सचा डबा. तो दार उघडी ते कानात इअरफोन घालून, कोणाशी तरी इंग्रजीत बोलत; तिच्याकडे न पाहता हात पुढे करी. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, दाढी वाढलेली. वैजयंताच्या जीवाला घोर लागला. एके दुपारी तिच्याने राहवले नाही.

"बाळा, रोज हेच खातोस. पोट बिघडेल. त्याच हॉटेलात वरण-भात मिळतो, मी बघितलाय."

त्याने तिच्याकडे असे पाहिले, की जणू भिंत बोलली. दार लागले. वैजयंता उभीच राहिली. मग तिच्या लक्षात आले, की डब्याचे झाकण सैल होते आणि ते सांगायचे राहून गेले. तिने पुन्हा घंटा वाजवली. दार उघडले नाही. तिने आणखी एकदा वाजवली. आतून तो ओरडला, "काय आहे? मीटिंगमध्ये आहे मी!"

"झाकण सैल आहे, बाळा. सांडेल."

आत तो पुन्हा इंग्रजीत बोलू लागला.

संध्याकाळी तिच्या मोबाइलवर इंग्रजीत संदेश आला. केतकीने तो वाचून दाखवला. ग्राहकाने तक्रार केली होती: पार्सल देणारी बाई दारातून हलत नाही, खासगी गोष्टी बोलते, पुन्हा पुन्हा घंटा वाजवते. चौकशी होईपर्यंत काम बंद ठेवण्यात येत होते.

वैजयंताने तो संदेश केतकीकडून पुन्हा वाचून घेतला. तिला राग आला असता तर केतकीला बरे वाटले असते. पण ती रागावली नाही, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी त्याला खा म्हणाले. एवढंच म्हणाले ना गं मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उड्डाणपुलाखाली गेली ती काम मागायला नव्हे, निरोप घ्यायला. गावी एका ओळखीच्या घरी लग्नसराईत पोळ्या लाटायला बाई हवी होती. केतकी पुन्हा वसतिगृहात राहील. आपण इथे शोभत नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. तिला थांबा म्हणाले नाहीत. त्या तरुणाला बोल लावला नाही, आणि तिलाही नाही. मग म्हणाले, "जायचं तर जा ताई. पण जायच्या आधी माझं एक काम करा. उद्या दुपारी मला तिघांचं जेवण बनवून द्या. हॉटेलातलं नको, तुमच्या हातचं."

"कुणासाठी?"

"एक घर आहे. तिथली बाई बरेच दिवस दवाखान्यात आहे. बाप आणि दोन मुलं रोज बाहेरचं खातात. मीच नेऊन देतो बहुतेक वेळा. त्यांना सांगून ठेवतो, उद्या काही मागवू नका."

वैजयंताच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. दुसऱ्या दिवशी ती भल्या पहाटे मंडईत गेली. काटेरी देठांची, हातात मावतील एवढी वांगी निवडून आणली. शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, खोबरे भाजले. वांगी भरताना तिच्या हाताला जुनी गती सापडली. अख्खा मसूर केला. मुले आहेत म्हणून तिखट बेताचे घातले आणि बापासाठी ठेचा वेगळ्या वाटीत ठेवला. भाकऱ्या स्वतः थापल्या, पदरासारख्या पातळ. दवाखान्यातून थकून आलेल्या माणसाला ताक बरे वाटेल म्हणून एका बाटलीत ताक भरले. केतकी निघताना दारात थबकली आणि म्हणाली, "आई, गावच्या घराचा वास आला."

मास्तर आले. दोघे आपापल्या गाडीवरून निघाले. ती इमारत जुनी होती, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जिन्याच्या वळणावर, मास्तरांनी तिला थांबवले. "तुम्ही इथंच थांबा."

"अहो, मी केलंय. मी देते की."

"आज मी देतो."

ती वळणावर उभी राहून वर पाहू लागली. मास्तरांनी घंटा वाजवली. दार उघडले. तिला दिसला तो फक्त एका पुरुषाचा हात आणि त्याच्या कोपराखालून डोकावणारे एका मुलाचे कपाळ. मास्तरांनी दोन्ही हातांनी डबे पुढे केले. म्हणाले, "सावकाश जेवा." आणि वळले. खाली उतरू लागले. त्यांच्या पाठीमागे दार लागले.

तिला वाटले, काहीतरी राहून गेले असेल, मास्तर पुन्हा वर जातील. ते तर तिला ओलांडून खाली चालले होते. ती त्यांच्या मागे धावली.

"मास्तर! काय म्हणाले ते?"

"काही नाही."

"वास आला असेल त्यांना. डबा उघडून बघितला?"

"माहीत नाही. मी वळलो होतो."

"ठेचा वेगळा आहे म्हणून सांगितलंत? ताक आहे म्हणून?"

"नाही."

आता ते रस्त्यावर आले होते. वैजयंताचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "मी पहाटेपासून राबले! कुणाची कोण ती माणसं, मी ओळखत नाही, तरी जीव ओतून केलं. आणि तुम्ही त्यांचं तोंडसुद्धा बघितलं नाही? एक शब्द ऐकून आला असता मला सांगायला! मास्तर, तुम्हाला काळीज आहे की नाही?"

रस्त्यावरची दोन-तीन माणसे वळून पाहू लागली. मास्तर रागावले नाहीत. समोर एक चहाची टपरी होती. ते तिथल्या बाकावर बसले, तिच्यासाठी जागा केली, आणि ती येऊन बसली तेव्हा दोन चहा सांगितले. चहा आल्यावर म्हणाले,

"ताई, आज केलेलं जेवण चांगलं होतं का?"

"म्हणजे काय?"

"विचारतो. चांगलं होतं का?"

"होतं," ती तुटकपणे म्हणाली. "वांगं असं जमलं होतं की बस्स."

"दार लागल्यावर ते बिघडलं असेल?"

तिने चहाचा कप बाकावर ठेवला.

मास्तर म्हणाले, "आम्ही वरात गावभर फिरवायचो. नवरदेवाला वाजत गाजत मांडवाच्या दारापर्यंत आणायचं. तिथं बँड थांबतो. आत अक्षता पडतात, हार घालतात, पंगती बसतात; बँडवाला बाहेर. आमच्यात एक ट्रंपेटवाला होता. फार गुणी. तो दाराशी थांबायचा, आत वाकून बघायचा. एवढा जीव तोडून वाजवलं, कुणीतरी येऊन म्हणेल, काय वाजवलंस गड्या! कुणी यायचं नाही. लोक नवरीकडं बघतील की ट्रंपेटकडं? मग आतून कुणीतरी यायचं आणि दाराची कापडी कनात ओढून घ्यायचं. हा तसाच उभा. ते कडू त्याच्या पोटात साठायचं आणि पुढच्या लग्नात वाजवताना सुरात उतरायचं. शेवटी त्यानं वाजवणं सोडलं. आम्हाला वाईट वाटलं, सूर सच्चा होता त्याचा."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"तेव्हापासून मला एक कळलंय. आपण उभं राहिलो, की दार आपल्या तोंडावर लागतं. आपण वळून चालायला लागलो, की दार नुसतं लागतं. दार तेच, माणूस तोच. लागायचं तर आहेच ते. घर म्हटल्यावर दार लागणारच."

वैजयंताला हे सहज पटणारे नव्हते. "मग माणसासारखं वागायचंच नाही? मशीनसारखं द्यायचं आणि चालू पडायचं?"

"मशीन सावकाश जेवा म्हणतं का? मशीन तळाशी हात लावून बघतं का, गरम आहे की नाही? द्यायचं ते पुरं द्यायचं, ताई, हात आखडायचा नाही. घ्यायला मात्र उभं राहायचं नाही. तुम्ही दोन्ही एकदम करायला जाता. डबा देताना तुमचा दुसरा हात पुढं असतो. तुम्हाला दिसत नाही, पण दारातल्या माणसाला दिसतो. मग काही जण त्यावर काहीतरी ठेवतात, आणि काही जण घाबरून दार लावून घेतात."

"पण त्या पोरानं निदान वर बघायला हवं होतं की नाही?"

"हवं होतं," मास्तर लगेच म्हणाले. "शंभर वेळा हवं होतं. ते त्याचं काम होतं. ते त्याच्याकडून करून घ्यायला आपण दारात उभं राहायचं नाही."

चहा निवला. मग वैजयंता खालच्या आवाजात म्हणाली, "मी जेवणाऱ्यांची तोंडं बघून जगले, मास्तर. नवरा गेला तेव्हासुद्धा मी त्याच्यावरच उभी राहिले. ते नसेल तर मला कळतच नाही, मी काय केलं."

हे ऐकून मास्तरांचा चेहरा मऊ झाला. "ही भूक वाईट नाही. माझीही तीच होती. पण जिथं ती भागत नाही तिथं ताट घेऊन उभं राहू नका, एवढंच. खानावळीत माणूस तुमच्या घरी यायचा, तिथं तोंड बघायचा तुमचा हक्क होता. इथं आपण त्याच्या उंबऱ्याशी जातो. उंबऱ्याच्या आतलं त्याचं."

ती उठली. स्कूटरला चावी लावता लावता तिने मागे वळून विचारले, आता त्यात राग नव्हता, काळजी होती. "ते जेवतील ना हो?"

मास्तर हसले. "ताई, वांग्याच्या वासानं जिन्यात मलाच राहवेना. आणि ते काय फेकून देतील?"

वैजयंता गावी गेली नाही. चौकशी झाली, कंपनीने समज देऊन तिचे काम पुन्हा सुरू केले. पहिल्या दिवशी पहिल्या दाराशी तिने पार्सल दिले, "सावकाश जेवा" म्हणाली, आणि पाय तिथेच चिकटले. चिखलातून ओढून काढावेत तसे तिने ते सोडवले. वळल्यावर तिची पाठ उघडी पडल्यासारखी झाली. आत्ता कोणी हाक मारील, आत्ता कोणी काही म्हणेल, असे वाटत राहिले. कोणी काही म्हटले नाही. दार लागले. ती तोवर जिन्यात होती, आणि लागल्याचा आवाज छातीत झाला नाही, कुठेतरी मागे, दुसऱ्याच्या घरात झाला.

हे एका दिवसात जमले असे नाही. कधी ती विसरे आणि उभी राही, मग आतला माणूस गोंधळून विचारी, "काही द्यायचं राहिलंय का?" ती ओशाळून "नाही, नाही" म्हणे. त्या उंच इमारतीतल्या तरुणाची ऑर्डर पुन्हा तिच्याकडे आली. तिने झाकण हॉटेलातच दाबून घट्ट करून घेतले. दारात दोन्ही हातांनी डबा दिला, "सावकाश जेवा" म्हणाली आणि वळली. त्याने तिला ओळखले की नाही, हे तिला कळले नाही. लिफ्टमध्ये तिला जाणवले, की आज ती त्याच्यावर रागावलेली नाही. नुसती त्याची काळजी वाटते आहे, आणि ती वाटायला त्याची परवानगी लागत नाही.

काही आठवडे गेले. एका दुपारी तिला एका जुन्या चाळीवजा इमारतीची ऑर्डर आली. उन्हाने जिना तापला होता. चौथ्या मजल्यावर एका म्हाताऱ्याने दार उघडले. पायजमा, बनियन, चेहरा निर्विकार. त्याने पार्सल घेतले, तिने आपले वाक्य म्हटले, तो काही बोलला नाही. ती वळली. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोहोचली नाही तोच तिच्या मागे दार लागले, आणि लगेच आतून त्याच म्हाताऱ्याचा आवाज आला, पण किती वेगळा.

"अगं ऊठ, आलं! गरम आहे गं अजून, बघ तरी!"

भांडी हलली. ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या ताटाचा. एक म्हातारा, चिरका बायकी आवाज काहीतरी म्हणाला आणि दोघेही हसले.

वैजयंता जिन्याचा कठडा धरून क्षणभर थबकली. इतके दिवस ती कितीतरी दारांत उभी राहिली होती, कान देऊन, वाट पाहून. आणि हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ऐकणार कशी? ती दारात असेपर्यंत घर गप्पच राही, परक्या माणसासमोर राहावे तसे. आतला आनंद सुरू होई तो तिने पाठ फिरवल्यावर. ज्याच्यासाठी ती थांबत होती, तेच तिच्या थांबण्यामुळे अडून राहत होते.

तिला वाटले, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातही, त्या दुपारी, असेच झाले असेल. मुलांनी डबे उघडले असतील. बापाने ताक पाहिले असेल.

वरून पुन्हा हसण्याचा आवाज आला. तो पुरा ऐकायला ती थांबली नाही. खिशातला मोबाइल वाजत होता. कुठेतरी आणखी कोणी जेवायचे खोळंबले होते. पायऱ्या उतरताना ती गुणगुणत होती, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आले नाही.

आपण बहुतेक जण दाराच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरचा माणूस वळण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहून घ्यावे. तेवढे काम आपले आहे, आणि ते करून घ्यायला तो थांबणार नाही.